सॉसच्या चाळीस बाटल्या

३ मार्च
ऑफिसचं ओळखपत्र परत केलं. सोळा वर्षं गळ्यात होतं. साहेब म्हणाले, "नोकरी सोडून टोमॅटो सॉस विकणार? तुम्ही?" हसले असते तर बरं वाटलं असतं. हसले नाहीत.

९ एप्रिल
गॅरेजमध्ये पहिली खेप निघाली. बेचाळीस बाटल्या. दोन घरी ठेवल्या, चाळीस कोपऱ्यावरच्या दुकानात. बाबा त्यांच्या घरून मुद्दाम आले आणि लेबलं चिकटवत बसले – सगळी तिरकी. दुकानदार फळीवर मांडत असताना मी तोंड फिरवून उभी. कोणी घेतलाच नाही तर?

२० एप्रिल
सगळ्या खपल्या! दुकानदारांचा फोन – "ताई, पुढचा माल कधी?" नवरा म्हणाला, "उगाच जीव टांगणीला लावून घेतेस." खरंय.

२४ एप्रिल
घरच्या एका बाटलीचं झाकण फुगलंय. उघडलं तर फस्सकन आवाज, आंबूस वास.

इथे तरी खरं लिहिते. सॉस भरायच्या दिवशी ऑफिसातल्या मैत्रिणीचा फोन आला. माझ्या जागेवर कोण बसलंय, काय चाललंय – ऐकतच राहिले. तोवर पातेल्यातला सॉस कोमट झाला. पुन्हा उकळायला हवा होता, कोमट भरला की आंबतो. तसाच भरला. माहीत असून.

नवरा म्हणाला, "सगळ्याच बिघडल्या असतील असं थोडंच आहे? गप्प राहा. नाव एकदा गेलं की गेलं." चाळीस घरं. कुणाच्या तरी ताटात आत्ता असेल. एखाद्या लहान पोराच्या.

२५ एप्रिल
दुकान उघडायच्या आधीच जाऊन उभी राहिले. सगळं सांगितलं, भरताना केलेल्या चुकीसकट. म्हटलं, "दारावर पाटी लावा. माझं नाव घाला. कोणी कोणी नेल्या ते आठवून सांगा, मी घरोघर जाते." दुकानदार माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "पाटी राहू दे. मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या, ताई."

वेळ कशाला? कोणी आजारी आहे का? विचारायची हिंमत झाली नाही. घरी आले. जेवण गेलं नाही. फोन वाजला की धावत जाऊन उचलते.

२५ एप्रिल, संध्याकाळ
बाबांनी बोलावून घेतलं. कपाट उघडलं. कपड्यांच्या मागे चाळीसच्या चाळीस बाटल्या, एकही उघडलेली नाही. "तुला धीर यावा म्हणून," म्हणाले. मला सांगायचं नाही, असं दुकानदारांकडून वचन घेतलं होतं.

कोणी आजारी पडणार नाही. बाबांशिवाय कोणी विकत घेतलाही नव्हता.