शर्ट बाहेर ठेवायचे दिवस

४ मार्च

बारा एप्रिलला रॉइस तुरुंगातून सुटणार. एकोणचाळीस दिवस!

एके काळचा नवरा माझा. मला मारल्याबद्दल शिक्षा झाली तेव्हा वळून म्हणाला होता, "सात वर्षांनी भेटू." तेवढं मात्र विसरता आलं नाही. दोनदा घर बदललं. पत्ता फक्त धाकट्या बहिणीला, नदीनला, माहीत. पोस्टातही नोंदवला नाही.

आज दुकानात पिस्तूल बघायला गेले, मागेच नेमबाजीची जागा आहे. काउंटरवरच्या माणसाने न विचारताच गुलाबी मुठीचं, एवढंसं पुढे केलं. बायका हेच नेतात म्हणे. वरचा भाग मागे ओढायलाच होईना – घरोघरी जाऊन पेशंट उचलून उचलून अंगठे गेलेत माझे. कसाबसा ओढला. पाच गोळ्यांत मनगट बधिर, आणि निशाणाच्या कागदाला एकही लागली नाही. डोळ्यांत पाणी आलं. रॉइससमोर अशीच उभी राहणार का मी?

तेवढ्यात मालकीण आल्या, मिस ओपल. सत्तरीच्या पुढच्या. आमच्याच चर्चमधल्या.

"पोरी, छोटं म्हणजे सोपं नव्हे. जितकं हलकं तितकं उसळतं."

बोटभर मोठं, जरा जड दिलं. ओढलं तर सरकन मागे! सहाच्या सहा कागदात. इतकं बरं वाटलं की पुन्हा रडले.

पर्समध्ये ठेवीन म्हटलं, तर त्या चिडल्याच. दिवसाला सहा घरं करतेस, सहा ठिकाणी पर्स टाकतेस. अंगावर ठेव, नाहीतर घेऊ नको. खरंच आहे. पेशंटची नातवंडं पेपरमिंटसाठी माझी पर्स उचकतात.

१५ मार्च

आठवडाभर रिकामं पिस्तूल कमरेला लावून घरात वावरायचं, हा मिस ओपल यांचा हुकूम. बिस्किटं भाजायला ओव्हनपाशी वाकले की पोटात टोचतं. पट्टा जरा मागे सरकवला, आता ठीक.

खरी पंचाईत शर्टाची. जन्मभर शर्ट आत खोचत आले. बाहेर लोंबणारा शर्ट आईला मुळीच खपायचा नाही. आता पिस्तूल झाकायला एक माप मोठा, आणि बाहेर! नदीन बघून म्हणाली, "ताई, दिवस गेलेत की काय?" छप्पन्नाव्या वर्षी! पोट दुखेपर्यंत हसलो. कित्येक आठवड्यांनी हसले.

२४ मार्च, रविवार

पिस्तूल अंगावर बाळगायचा परवाना आला. चर्चला पहिल्यांदाच लावून गेले. सगळा विचार केला होता – बसणं, वाकणं, गाडीत चढणं. गळाभेटी विसरले! दारातच मिस ओपल यांनी मिठी मारली आणि त्यांचा हात नेमका तिथेच.

"उजवीकडे होय?" कानाशी म्हणाल्या. "मी डावखुरी, माझं डावीकडे."

मग प्रार्थनेत काय डोकं लागणार! पण बरं वाटलं. एकटी नाही मी.

३१ मार्च

बारा दिवस. झोप लागते आता.

जुना घरमालक ग्रेडी चर्चमध्ये माझी चौकशी करत होता, माझं काही टपाल पडून आहे म्हणे. मिस ओपल यांनी पत्ता दिला नाही. मी म्हटलं, जाहिरातीच असतील, राहू दे.

९ एप्रिल

हात स्थिर. मन नाही. आज दोन पेशंटांच्या घरी दार वाजलं आणि दोन्ही वेळा हात कमरेकडे गेला.

१० एप्रिल

सकाळी मिस ओपल स्वतःच ग्रेडीकडचं ते टपाल घेऊन आल्या. वरचं पाकीट तुरुंगाचं. जुन्या पत्त्यावर गेलेलं, जानेवारीचं.

रॉइस एकोणीस जानेवारीला गेला. हृदयविकार. तुरुंगाच्या दवाखान्यातच.

मी पिस्तूल बघायला गेले तेव्हा त्याला जाऊन दीड महिना झाला होता!

मिस ओपल यांच्या खांद्यावर डोकं टेकून पोटभर रडले. सुटकेचं रडू. मग पट्टा काढून कपाटात ठेवला, शर्ट आत खोचला आणि कामावर गेले.