सेन्सर गप्प आहे

मु. नारीन

चि. एर्मेक,

तू तिकडे परदेशातून, सोलहून पाठवलेला सेन्सर भिंतीवर लावला. नमाजात मी कपाळ जमिनीला टेकवलं की त्याला वाटायचं, म्हातारा पडला. लगेच तुझा फोन, "बाबा, लागलं का?"

"अरे, अल्लापुढे वाकलो होतो!" मी खेकसायचो. शेजारीण बुरुल हसायची, "दिवसातून पाचदा पडतो नि उठतो, पहिलवानच की!"

आता गुडघे वाकत नाहीत. नमाज खुर्चीवर बसूनच पढतो. सेन्सर गप्प आहे. तू निर्धास्त झालास, फोनही थांबले.

काल मुद्दाम जमिनीवर आडवा झालो. तुझा फोन आला.

"नमाज पढत होतो रे," मी म्हणालो.

मग उठवायला बुरुलला हाक मारली. हे कळलं तर माझ्या नमाजावर तुझा विश्वास राहणार नाही, म्हणून हे पत्र पाठवत नाही.

तुझा, न पडलेला बाप