डाव्या छातीवरची पट्टी

८ जानेवारी, सातारा
रविवार, म्हणजे आबा, मी आणि जुना युद्धपट. आबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त, त्यामुळे चुका काढतात. "त्या हवालदाराचा पट्टा बघ, किती ढिल्ला!" मी कोट बघते. लहानपणापासून हेच चाललंय. बर्फात कॅप्टन कॉलर वर करतो तिथे थांबवून स्केच काढलं. सातवा कोट मिळाला!
सहा तयार आहेत. घोंगडीची काळी लोकर, लष्करी धाटणी, पितळी बटणं. सांगलीच्या बुटीकवाल्या मगदूमबाईंच्या फॅशन शोला सात द्यायचेत. सुभेदाराची पोरगी घोंगड्या फाडते, लोक म्हणतात. म्हणू देत.
कॅप्टनच्या छातीवर पदकांच्या रंगीत रिबनींची पट्टी होती. आबांची कपाटात आहे. तेच रंग सातव्या कोटाच्या डाव्या छातीवर रेशमात भरणार. त्यांना आधी सांगायचं नाही.

१५ जाने.
पट्टी झाली. मगदूमबाईंना फोटो पाठवला. लगेच फोन, "अगं, असे वीस दे मला!" वीस. माझं पहिलं मोठं काम. मशीनभोवती नाचले.

१६ जाने.
आबांना कोट दाखवला. त्यांनी चालू सिनेमा बंद केला. जेवायलासुद्धा कधी करत नाहीत.
"ह्या माझ्या रिबनी हायत."
म्हटलं, हो, तुमच्यासाठीच तर...
"डावी छाती ज्यानं पदक कमावलं त्याची. जवान गेला तर त्याची घरची मान्सं उजव्या बाजूला लावत्यात. आन् तू दुकानात टांगणार व्हय?"
मी चिडले. म्हटलं, सिनेमातला तो नट कुठे लढला होता? त्याचं बरं चालतं!
"त्यो गोष्ट सांगतोय. तू पट्टी इकतीस."
कोट उचलून वर्कशॉपमध्ये गेले.

१८ जाने.
दोन दिवस जेवणं वेगवेगळी. खरं तर राग स्वतःचाच. फौजीच्या घरात वाढून मला एवढं माहीत नसावं? लाज वाटली.
पट्टी उसवली. सुईच्या छिद्रांचा चौकोन राहिला. वाफ दिली तरी जात नाही. राहू दे. झाकणार नाही.

१९ जाने.
पट्टी काढली म्हणून कळवलं. मगदूमबाई : "पट्टी नसेल तर वीसचं विसर हो. सगळा लूक तिच्यातच होता."
म्हटलं, कोट असाच येईल. आवाज ठाम होता.

२० जाने.
आबा आपणहून वर्कशॉपमध्ये. सातवा कोट अंगात घातला. हात कपाळाकडे नेला तो मध्येच अडला.
"मुंढा तंग हाय गं. सलाम कसा करायचा?"
"आबा, हा घालून कोण सलाम करणार आहे?"
"कुनी केलाच तर?"
मग छिद्रांवरून बोट फिरवलं. मी दोन्ही बाह्यांचे मुंढे उसवले. पुन्हा बसवायला सगळी दुपार गेली.

२२ जाने., सांगली
शोला अर्धा तास. आबा आलेत! जुना ब्लेझर, डाव्या छातीवर खरी पदकं. मगदूमबाई पदकांकडे बघत राहिल्या, मग कोटावरच्या छिद्रांकडे. "पट्टी यांची होती?" विचारलं. मी मान डोलावली. "शो झाल्यावर बोलू," म्हणाल्या. वीस कोटांचं हो की नाही, चेहऱ्यावरून कळेना.
सातवा कोट घातलेल्या मॉडेल मुलीला आबा सांगतायत, "खांदं मागं घे पोरी. भिऊ नगंस."
काय बोलायचं ते बोलू. पट्टी परत लागणार नाही, हे आत्ताच लिहून ठेवते.