गुंजनचा डबा आणि अप्रूप

जवळा बाजार,
मंगळवार

चि. मुकुल यास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू, "आत्या, एका स्टीलच्या डब्याचं कसलं एवढं अप्रूप? देऊन टाक ना कुणाबरोबर तरी," असं म्हणालास आणि मी उत्तर द्यायच्या आत फोन ठेवलास, म्हणून हे लिहावं लागतंय. तुझा खोकला आणि सूनबाई गुंजनची मान कशी आहे ते कळव. माझे गुडघे आहेत तिथेच आहेत.

आधी शब्दाचं बघू. (मी नांदेडला मराठी घेऊन बी.ए. झाले, हे तुम्ही विसरता.) अप्रूप म्हणजे मूळचं संस्कृत 'अपूर्व', पूर्वी कधी न झालेलं. लोकांच्या जिभेवर घासून त्याचं अप्रूप झालं, आणि तुझ्या तोंडी आता लायकीपेक्षा जास्त कौतुक एवढाच अर्थ उरला. डबा अपूर्व नाही. तसले माझ्याच मांडणीवर डझनभर आहेत.

तो अडकला कसा, ते ऐक. संक्रांतीला तुम्ही दोघं आलात, तेव्हा गुंजन त्यातून वड्या घेऊन आली आणि डबा विसरून गेली. रिकामा परत पाठवणं आपल्यात बसत नाही, म्हणून मी चकल्या केल्या. पुण्याला जाणारं कुणी मिळेना, चकल्या सादळायला लागल्या, तेव्हा डब्यासकट शेजारच्या नीलाबाईंना दिल्या. त्यांनी धपाटे भरून आणले. म्हटलं, रिकामाच द्यायचा होता. तर म्हणे, "रिकामा काहून देऊ, ताई? बरं दिसतं का?" मग मी शिरा दिला. त्यांनी ठेचा. (पुढच्या शिऱ्याला त्याचा वास होता. नीलाबाईंनी तोही संपवला.) असं चालूच आहे. डबा आला की त्या ओट्यावर टेकतात, सुनेला नावं ठेवतात, चहा घेतात. एरवी या घरात मी कुकरलाच दटावत असते.

डबा पुण्याला जातोय म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "धाडून राहिल्या व्हय? मंग उद्यापासून आमी काय हात हलवत यावं?" मी म्हटलं, तुमची मर्जी. (याहून गोड मला बोलता येत नाही.)

अपूर्व या घरात यंदा एकच झालं. तुम्ही दोघं मुक्कामाला राहिलात. त्याचं अप्रूप वाटलं, आणि ते लायकीपेक्षा जास्त नव्हतं.

तुझी,
मंजुषाआत्या

ता. क. ट्रॅव्हल्सवाल्या मोहनसिंगकडे सोपवलं ते असं: डबा एक, आत शेंगदाण्याची चटणी, तोंडाला फडकं बांधलेलं. झाकण माझ्याकडे आहे. ते मी कुणाबरोबर पाठवणार नाही.