दोन शब्द जास्त

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा भाऊ, म्हणजे या सिनेमाचा लेखक, दिग्दर्शक आणि चहावाला, जिवंत आहे. शूटिंग संपलं. खरं तर माझी रजा संपली, म्हणून ते संपलं असं आम्ही ठरवलं. नायिकेने निम्म्यात केस कापले, त्यामुळे पुढचा सगळा सिनेमा तिच्या डोक्याला टॉवेल आहे. बाई सारखी न्हाऊनच आलेली दिसते.

पण खरा घोळ वेगळाच आहे. शेवटच्या दिवशी साउंडवाल्याने यंत्र चालूच केलं नव्हतं. कानाला हेडफोन लावून गडी दिवसभर नुसता मान डोलावत होता. नेमका बाबांनी काम केलेला प्रसंग, म्हातारा मुलाला ‘माझं चुकलं’ म्हणतो तो.

तुझ्यापासून काय लपवायचं? अख्खा सिनेमा मी या दोन शब्दांसाठी लिहिला. सिनेमा शिकायला माझी निवड झाल्याचं पत्र बाबांनी मुदत उलटेपर्यंत कपाटात दाबून ठेवलं, त्याला बारा वर्षं झाली. घरात ते कधी बोलणार नाहीत, निदान पडद्यावर तरी बोलावेत. आता आवाज नव्याने भरायचाय. त्यांना समजावून पाठव ना.

लोभ आहेच, तो डबिंगनंतरही टिकावा.

तुझा,
ठोंब्या

११ मार्च

चि. ठोंब्यास,
अ. उ. आशीर्वाद.

बाबांना विचारलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, एकदा बोललो ते बोललो, तेच तेच बोलायला मी पोपट नाही. ह्यांनी भीड घालून पाहिली, तर त्यांनाही गप्प केलं. तू दुसऱ्या कुणाचा तरी आवाज लाव बाबा. आणि वेळेवर जेवतोस ना? मागच्या फोटोत नुसती गालफडं दिसत होती.

तुझी,
ताई

१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एक जुना नट गाठला. थेट बाबांसारखा खाकरतो. ‘माझं चुकलं’ असं काही म्हणाला की साउंडवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. (यंत्र चालू होतं, मी स्वतः पाहिलं.) पण वाक्य संपतं आणि बाबांचे ओठ हलतच राहतात. मधे खोकला टाकला, हुंदका टाकला. म्हाताऱ्याला दमा झाला, पण ओठ काही जुळेनात. दोन शब्द जास्त आहेत.

शूटिंगच्या वेळी मी बाहेर खिडकीवर चादर धरून ऊन अडवत होतो. मुलाचं काम करणारा आलाच नव्हता, म्हणून बाबा खुंटीवरच्या कोटाशी बोलले. कॅमेरामन म्हणतो, मी बघतो, ऐकत नाही. सोबत सीडी आहे. बोलले तरी काय, ते त्यांनाच विचार.

तुझा,
ठोंब्या

२७ मार्च

चि. ठोंब्यास,
अ. उ. आशीर्वाद.

सीडी लावली. तो प्रसंग आला आणि बाबांनी पडद्यावरच्या स्वतःबरोबर ते वाक्य आपणहून पुन्हा म्हटलं. मी तीनदा मागे नेऊन पाहिलं. तुला खोटं लिहवत नाही. ते म्हणाले होते, माझं काही चुकलं नाही.

मी म्हटलं, पोराने या दोन शब्दांसाठी जिवाचं रान केलं. तर म्हणाले, म्हणूनच खोटं बोलवेना. तेव्हा जाऊ दिला असता तर आज उपाशी मेला असता. आणि सीडी पाहिल्यावर तर त्यांची खात्रीच पटली आहे. मला फार रडू आलं रे. तुझ्यासाठी की त्यांच्यासाठी, कळलं नाही.

पत्राची वाट पाहते.

तुझी,
ताई

९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन दिवस फायली उलट्या लावत होतो. ऑफिसात ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. नट म्हणाला, हे नवं वाक्य म्हाताऱ्याला शोभत नाही, आणि निघून गेला. शेवटी मीच माइकसमोर उभा राहिलो आणि बाबांचं वाक्य म्हटलं. पहिल्याच खेपेला ओठ जुळले. साउंडवाल्याने हेडफोन काढून विचारलं, वडील कधी आले?

सिनेमा पुरा झाला, त्याला आता काही अर्थ उरलेला नाही. यानंतर मुलगा बापाला मिठी मारतो. ती का मारतो हे कुणाला कळणार नाही, मलाही कळत नाही. पण ते दृश्य आधीच काढलेलं आहे आणि दुसरं काढायला रजा शिल्लक नाही. तेव्हा मिठी तशीच ठेवली.

बाबांना नमस्कार सांग. आवाज कुणाचा, ते सांगू नकोस. लोभ दोघांचाही असावा.

तुझा,
ठोंब्या