यंदाच्या खंडेनवमीचं शस्त्र

रायपूर,
१४ सप्टेंबर २०२५

ती. विनोदिनीताईस,
श्यामकांतचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू अर्धं ऐकते अन् उरलेलं आपल्या मनानं लावून घेते, म्हणून कागदावरच लिहून राहिलो. बातमी चांगली आहे. म्हणजे, मले वाटते की चांगली आहे. आपल्या शेखरचा उरल्याच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना होळीपासून कुलूप लागून होता, तो सुरू होऊन राहिला. ज्या मजुरांले हात जोडून घरी पाठवलं होतं ते सारे परत आले. भुवन मिस्त्री तर गेटवरच रडला. पोट्टा रात्री नीट झोपते आता, अन् पूर्णिमा सूनबाईच्या चेहऱ्यावर रंग आला.

काम काय ते ऐक. तोफेच्या गोळ्याचं पोलादी अंग. बारूद भरणारे दुसरे. आपण तापलेलं लोखंड प्रेसखाली ठोकून पोकळ करून द्यायचं, बस. सातासमुद्रापल्याड एक बडा देश आहे, त्यानं फौजेचा खर्च एकदम वाढवला. त्याच्या स्वतःच्या कारखान्यांले पुरवठा होईना, म्हणून हे काम हिंडत हिंडत उरल्यापर्यंत आलं.

पूर्णिमा म्हणते की बाबा, ताकदवान देशाजवळ शस्त्र असलं की कोणी अंगावर येत नाही, अन् तुमचा मोबाइल न् उपग्रह हे सगळं फौजेच्या खर्चातूनच निघालं. पटते. मग आमच्या पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, नीलकंठराव चहाले येतात. ते म्हणतात की या साऱ्या बड्या देशांनी एक वर्ष गोळे बनवले नाही, तर जगातल्या गावागावात पाणी पोचेल. तेही पटते. मी दोघांलेही हव म्हणतो अन् बिस्किट बुडवतो.

खरी पंचाईत वेगळीच आहे. अख्खा उरला विश्वकर्मा पूजेले मशीन पूजते, पण आपल्याकडे आबांपासून खंडेनवमी. घरातल्या मोठ्याचा हात लागल्याशिवाय नव्या मशीनीले मजूर हात लावत नाहीत, अन् शेखरनं या कामासाठी नवी प्रेस घेतली आहे. म्हणजे काम सुरू होणार ते माझ्या हळदी-कुंकवानं. आबा म्हणायचे की घरात शस्त्र नाही तर पाना-हातोडी मांडा. यंदा पहिल्यांदा खरोखरचं शस्त्र आहे, अन् माझा हात काहून अडते ते मले समजून नाही राहिलं. नाही म्हटलं तर एवढ्या लोकांची चूल अडते. मी काय करू ते तू मोठी म्हणून सांग.

इराले मामाचे आशीर्वाद. तुझा लोभ आहे तेवढाच राहू दे. वाढवला की रागावणंही वाढते.

तुझा,
श्यामकांत


परतवाडा,
२१ सप्टेंबर २०२५

चि. श्यामकांत यास,
ताईचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, अन् ‘हो’च्या जागी हव! पन्नास वर्षं रायपुरात काढली म्हणून इतकं का बिघडावं माणसानं?

वाचल्याबरोबर मी लिहायला बसले होते की कर मुकाट्यानं पूजा. तुला लहानपणापासून सवय आहे, ताटात वाढलं की आधी विचार करायचा अन् मग गार झालं म्हणून कुरकुर करायची. शेखरनं हे महिने कसे काढले ते मला ठाऊक आहे. लेकराचं काम सुरू होते अन् बापाला प्रश्न पडतात! पोलिसालाही दंडुका लागतो, तर देशाला तोफ लागणारच, असं मी लिहिलंही होतं. तो कागद फाडला. का, ते सांगते.

इरा चार दिवसांपासून घरी आली आहे. ती धारणीला ज्या केंद्रात काम करते, जिथे उपाशी वाळलेली लेकरं आयांसोबत ठेवून दूध-खिचडीवर उभी करतात, ते केंद्र दिवाळीला बंद होणार. त्यांना बाहेरच्या एका सरकारकडून मदत यायची. तिथून कळवलं की आमच्या देशाला आता संरक्षणावर जास्त खर्च करायचा आहे, तरी मदत थांबवत आहोत, क्षमा असावी. किती सभ्य भाषा बाई! इरा जेवत नाही, नुसती भांडी घासते. घासलेलीच पुन्हा घासते.

श्यामू, तुझ्या गोळ्यांचा देश कोणता, ते तू लिहिलं नाहीस. इराच्या देशाचं नाव मी सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं आहे. तोच असला तर मला सांगू नको. नाही, सांग. सांगच. मला कशाचा राग यायला हवा हेच समजेनासं झालं आहे. त्यानं एका घरी ताट वाढलं अन् दुसऱ्या घरचं उचललं, अन् दोन्ही घरं माझीच.

शेखरला यातलं काही बोलू नको, त्याचा आनंद कशाला नासवायचा. पूर्णिमेला आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
ताई


रायपूर,
२ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तोच देश आहे.

तुझी चिठ्ठी मी शेखरपासून लपवणार होतो, पण माझं तोंड तुले माहीत आहे. जेवताना पूर्णिमेनं विचारलं की बाबा, काही झालं का, अन् मी सगळं ओकून मोकळा झालो. शेखर ताटावरून उठला. मग हात धुऊन म्हणाला की इराच्या केंद्राचा वर्षाचा खर्च मी करतो, याच कामातून. तिले फक्त हो म्हणायले सांगा. मले त्याचा इतका अभिमान वाटला. मग ध्यानात आलं. गोळ्यातून दूध! ताई, हे चांगलं का वाईट, तूच सांग.

काल पूजा झाली. मी मनाशी ठरवलं होतं की प्रेसले कुंकू लावीन, गोळ्याले नाही. पण भुवन मिस्त्रीनं नमुन्याचा पहिला गोळा घासूनपुसून, झेंडूची माळ घालून, नेमका पाटाच्या मधोमध ठेवला. त्याची बायको लेकरांले नवे कपडे घालून आली होती. सगळे माझ्या हाताकडे पाहून राहिले होते. मी कुंकू लावलं. अन् आबांचं ते दरवर्षीचं म्हणणं, जे मी प्रत्येक पान्याले न् हातोडीले म्हणत आलो, ते सवयीनं तोंडून मोठ्यानं निघून गेलं. तुझ्यावर रिकामं बसायची पाळी कधी न येवो!

सगळे एका आवाजात हव म्हणाले. नारळ फुटला, प्रेस सुरू झाली, पेढे वाटले. मले मात्र तेव्हा अर्थ लागला. गोळा रिकामा बसणार नाही म्हणजे तो पडणार, कुठंतरी, कोणावर तरी. असा आशीर्वाद मी देऊन बसलो. अन् तो परत घ्यावा तर भुवनची लेकरं समोर उभी.

आज दसरा, अन् गांधी जयंतीही आजच. शेखर सोनं द्यायले वाकला तेव्हा मी आशीर्वाद तोंडानं दिला नाही, नुसता पाठीवरून हात फिरवला.

आशीर्वाद परत घेता येते का गं? इराचं लवकर कळव. माझ्यावर रागावली असशील तरी लोभ मोडू नको.

तुझा,
श्यामकांत


परतवाडा,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. श्यामकांत यास,
अ. उ. आशीर्वाद.

इरानं हो म्हटलं.

ऐकून आधी ती हसली, मग मोरीत जाऊन रडली. मी तिला म्हटलं की बाई, पैसा कशातून येतो ते नीट समजून घे, मागाहून मनाला लागायला नको. तर म्हणाली की केंद्रातल्या सुकमीचं पोरगं परवा पहिल्यांदा आपल्या हातानं वाटी धरून बसलं असा तिथून फोन आला, ती वाटी काढून घ्यायची असेल तर तूच धारणीला येऊन काढ. मी काय जाणार! तिची पिशवी भरून दिली. काल ती कामावर गेली. शेखरला म्हणावं, तुझी आत्या तुला आशीर्वाद देते. त्याच्यात खोट नाही, तुझ्यातही नाही रे.

आता तुझं. तू बोललेलं परत घेता येते का, ते पाहावं म्हणून मीच तुझ्या वतीनं देवापुढे बसले. म्हणणार होते की देवा, श्यामूच्या तोंडून चुकून निघालं, ते धरू नको, ते गोळे जिथं पडतील ती लढाई थांबव. हात जोडले अन् जीभ उचलेना. लढाई थांबली की शेखरची प्रेस थांबणार, अन् सुकमीच्या पोराची वाटी रिकामी. मग वाटलं, राहू दे आहे तसं. तर तिकडची लेकरं डोळ्यापुढे आली. तिथंही कोणी सुकमी असेलच ना, वाटी भरून लेकराच्या मागे फिरणारी?

दिवा तेवत होता अन् मी वेड्यासारखी बसून होते. एवढ्या वर्षांत काल पहिल्यांदा देवाजवळ काहीच न मागता उठले.

तू काय मागतोस ते मला लिही. लहान आहेस तरी या खेपेला मी तुझं ऐकीन. जीव लावत राहा.

तुझी,
ताई