लिव्हरवरचा हात

गडमुडशिंगी
८ ऑगस्ट २००२

प्रिय शिवप्रसाद,

जीपमध्ये आता काही दोष नाही. सिकंदरमामा काल ती कोडोलीपर्यंत चालवून आले. आण्णा आत गेलेत हे बघून मला म्हणाले, "पोरी, गाडी लोण्यागत चाललीया. शाफ्टात काय न्हाय." मग बराच वेळ फडक्याला हात पुसत उभे राहिले.

फोन आण्णांच्या खाटेशेजारी असतो, म्हणून लिहिते आहे. दिवाळीत तू मळ्याच्या खडकाळ वाटेसाठी जीप उंच करून पुण्याला गेलास, तेव्हा ती खरंच थरथरत होती. गाडी उचलली की गिअरबॉक्सकडून मागे जाणारा शाफ्ट तिरका होतो, अ‍ॅक्सलचं तोंड थोडं वर करावं लागतं. आण्णांनी स्प्रिंगचा पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये लोखंडी पाचर घातली आणि थरथर गेली. आई मळ्यापर्यंत मांडीवर चहाची किटली घेऊन बसली होती. म्हणाली, "एक थेंब सांडला न्हाय बघा." आण्णा दिवसभर ते सगळ्यांना सांगत होते.

उन्हाळ्यात त्यांना थरथर परत लागायला लागली. जाड पाचर झाली, पातळ झाली, शिरोलीतून मापाने घासून आणलेलीही झाली. प्रत्येक वेळी गाडीखालून निघायचे, एक फेरी मारायचे, डावा हात गिअरच्या लिव्हरवर ठेवायचे आणि म्हणायचे, "अजून हाय." जन्मभर गॅरेजात त्यांनी गाड्यांचं दुखणं याच हाताने ओळखलं. कान फसतो, तळवा न्हाय, हे सिकंदरमामांना त्यांनीच शिकवलं. त्यामुळे आण्णांनी विचारलं तेव्हा मामांच्या तोंडून निघून गेलं, "व्हय आण्णा, जरा हाय की." उस्तादाला नाही कसं म्हणायचं? आईनेही मान डोलावली. आता आण्णा म्हणतात, तिघांना लागतंय म्हणजे गाडीतच हाय.

हल्ली त्यांच्या डाव्या हातात तांब्या असला की पाणी काठावर येतं. मंगळवारी डॉक्टरांकडे नेलं. कंपवात आहे. गोळ्यांनी थोडा दबेल, जाणार नाही. डॉक्टरांनी आण्णांनाही समजावून सांगितलं. बाहेर आल्यावर आण्णा मला म्हणाले, "हात बघत बसला. जीप बघितलीच न्हाय त्यानं." मी रिक्षा बोलावली.

पाचरीने भागत नाही, असं त्यांनी आता ठरवलंय. अ‍ॅक्सलवरच्या पाट्याच्या बैठका कापून, कोन बदलून, रविवारी ते स्वतः वेल्डिंग करणार आहेत. त्याच हाताने. मामांनी मशीन बिघडल्याचं सांगून एकदा टाळलं, आता टाळता येत नाही. ते थांबलेत फक्त तुझ्यासाठी. म्हणतात, "शिवप्रसादला बघू दे. त्यो माझं तोंड बघून बोलणार न्हाय." म्हणून हे पत्र, तेही कुरिअरने. शनिवारपर्यंत ये. ते तुला शेजारी बसवतील, तुझा तळवा लिव्हरवर ठेवतील आणि विचारतील. तू काय सांगावंस, हे मला सांगवत नाही. पण नाही म्हणालास, तर ते इंजिन बंद करून स्वतः हात ठेवून बघतील, कुणी नाही म्हटलं की बंद गाडीशी ताडून बघायचं, ही त्यांची रीत आहे. गाडी उभी असेल, इंजिन बंद असेल आणि त्यांच्या हाताखाली लिव्हर हलत असेल. तेव्हा तू शेजारी असावास.

तुझीच,
विद्याअक्का